चहाचा कुल्हड घरी वापरायचा तर: पारख, तयारी, धुणं आणि वाळवणं

नव्या माठाला आपण साबण लावत नाही. आधी दिवसभर पाण्यात भिजत ठेवतो, पहिलं पाणी झाडांना घालतो, माठ हाताने किंवा काथ्याने चोळतो आणि उन्हात वाळवतो. हे कुणी शिकवावं लागत नाही, घरात बघून येतं. पण त्याच मातीचा चहाचा कुल्हड घरात आला की आपण त्याला कपबशीच्या रांगेत बसवतो. लिक्विड सोपने घासतो, ओला असतानाच एकात एक घालून कपाटात ठेवतो, आणि दोन आठवड्यांनी चहाला आंबूस वास यायला लागला की मातीच्या भांड्यांना नावं ठेवतो.

खरं तर कुल्हड माठापेक्षा नाजूक आहे. माठात नुसतं पाणी असतं, कुल्हडात दूध आणि साखर. मातीच्या छिद्रांत पाणी शिरलं तर ते वाळून जातं. दूध शिरलं तर त्यातलं स्निग्ध आणि प्रथिनं तिथेच बसतात आणि नासतात. या लेखातली बहुतेक पथ्यं या एका फरकातून निघाली आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे हे भांडं मुळात एकदा पिऊन टाकून देण्यासाठीच घडलेलं आहे. बनारसकडे त्याला पुरवा म्हणतात, बंगालात भांड. उत्तरेत चहावाल्याकडे, लस्सीच्या दुकानात, रेल्वे स्टेशनावर ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. २००४ मध्ये रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी गाड्यांत आणि स्टेशनांवर कुल्हड आणायचं ठरवलं, पण ते फार काळ टिकलं नाही. २०१९ मध्ये वाराणसी आणि रायबरेली स्थानकांपासून रेल्वेने पुन्हा सुरुवात केली. आता अशा ठिकाणी रोज हजारोंच्या संख्येने कुल्हड लागतात, आणि तेही स्वस्त. त्यामुळे ते जेवढ्यास तेवढेच भाजलेले असतात. एक चहा पिऊन होईपर्यंत टिकला की त्याचं काम झालं. असा कुल्हड घरी आणून वर्षभर वापरायची अपेक्षा ठेवली तर चूक त्या भांड्याची नाही.

आधी हातात काय आहे ते ओळखा

बाजारात मातीचा चहाचा कप म्हणून तीन वेगळ्या वस्तू मिळतात आणि तिघांची निगा वेगळी.

पहिला टपरीवरचा कुल्हड. पातळ, फिकट विटकरी, हाताला खरखरीत, कानाविना. दुसरा चांगला भाजलेला टेराकोटाचा कप. तो जरा जाड आणि वजनदार, रंगाने गडद, बऱ्याचदा कान असलेला, पण आतून-बाहेरून चकाकी नाही. तिसरा आतून काचेसारखा चकचकीत, म्हणजे ग्लेझ केलेला. तो दिसायला कुल्हडासारखा असला तरी वागायला कपच आहे. साबण चालतो, वास धरत नाही, आणि पहिल्या घोटाला येतो तो मातीचा वासही देत नाही.

पहिल्या दोघांतला फरक नजरेने कळेलच असं नाही. त्यासाठी कुल्हड तळहातावर उभा ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने कडेला टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली आणि कुठे चीर नाही. आवाज बद्द आला तर एक तर भाजणी कमी, नाही तर केसाएवढा तडा गेलेला, नाही तर भांडं अजून ओलं. माठ घेताना आजीही हेच करायची. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी प्रवरेकाठी सापडलेली, इसवी सनपूर्व १४०० ते ७०० या काळातली खापरं अभ्यासकांनी वर्णन केली, तीसुद्धा याच खुणेने: पातळ, नीट भाजलेली, टिचकी मारली की धातूसारखी वाजणारी. तीन हजार वर्षांपूर्वी या पठारावरच्या कुंभारांना जमत होतं ते आजच्या कुल्हडाला जमलंय का, हे एका टिचकीत कळतं.

यामागचं कारण असं. कच्च्या मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी असतं. साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते निघून जातं आणि त्यानंतर ती माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. त्यापुढे जसजशी आच वाढते तसतसे कण एकमेकांना जास्त धरतात आणि छिद्रं कमी होतात. गावठी आव्यात उष्णता सगळीकडे सारखी नसते. मधली भांडी छान भाजून निघतात, कडेची कच्ची राहतात. म्हणून एकाच ढिगातले दोन कुल्हड वेगळे वाजतात. सहा घ्यायचे असतील तर सहाही वाजवून घ्या. कुंभाराला राग येत नाही, उलट त्याला कळतं की गिऱ्हाईक जाणतं आहे.

घेताना आणखी काय बघायचं

कुल्हड उलटा करा. बुडाला शिंपल्यावर असतात तशा गोलाकार रेषा दिसल्या तर तो चाकावर घडवलाय: फिरत्या चाकावरून दोऱ्याने कापून काढताना त्या उमटतात. साच्यातल्या कुल्हडाचं बूड सपाट असतं आणि अंगावर कुठेतरी जोडाची बारीक रेघ सापडते. साच्याचा वाईट असं नाही, पण जोडाच्या रेघेवर तडा लवकर जातो, तेवढी जागा नीट बघा.

त्या रेषांमध्ये, आतल्या तळाला आणि काठावर पांढरे ठिपके आहेत का बघा. ही चुनखडी. दख्खनच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे भरपूर, आणि माती नीट चाळली नाही तर ते भांड्यात राहतात. भट्टीत त्या खड्याचा चुना होतो. पुढे हवेतली ओल लागली की तो फुगतो आणि वरचा मातीचा पापुद्रा उडवतो. घेतलं तेव्हा धड असलेलं भांडं महिन्याभराने कपच्या टाकायला लागतं, ते यामुळे. एखादा ठिपका बाहेरच्या अंगाला असेल तर चालून जाईल. आतल्या बाजूला किंवा ओठ लागतो त्या काठावर असेल तर तो कुल्हड घेऊ नका.

रंगाची परीक्षा ओल्या पांढऱ्या रुमालाने होते. आतून जोरात पुसा. थोडी मातकट धूळ येणारच. पण लालभडक रंग उतरला तर भाजल्यानंतर वरून रंग दिलाय हे नक्की, आणि तो काय रंग आहे हे दुकानदारालाही माहीत नसतं. बाहेरून वारली चित्रं, सोनेरी काठ वगैरे असलेले कुल्हड भेट द्यायला ठीक. प्यायचे असतील तर आतून आणि काठाला कोरेच हवेत.

ग्लेझ केलेल्या कपाबाबत मात्र मी कडक आहे. कमी तापमानाला चकाकी आणण्यासाठी काही ठिकाणी शिशाची संयुगं वापरली जातात, आणि लिंबाचा चहा किंवा कोकमासारखं आंबट पेय त्यातलं शिसं सोडवून घेतं. विकणारा ‘शिसं नाही’ असं लिहून देत असेल तरच घ्या. फार भडक पिवळा किंवा केशरी चकचकीतपणा, हात फिरवल्यावर बारीक भेगांचं जाळं आणि वर किंमत संशय यावा इतकी कमी, असं असेल तर तो पेन ठेवायला वापरा.

खरेदी उन्हाळ्यात किंवा दिवाळीनंतर करावी. पावसाळ्यात आवा लावणं अवघड असतं, माती वाळत नाही, त्यामुळे त्या दिवसांत जे मिळतं ते जुना साठा किंवा घाईने भाजलेलं असतं. धारावीचा कुंभारवाडा, पुण्यातली कुंभार वेस, गोव्यात डिचोली, नाहीतर तुमच्या गावात संक्रांतीला सुगडं आणि दिवाळीला पणत्या जिथून आणता तेच घर. चहाचे कप तयार नसले तर सांगून करून घेता येतात. सांगताना ‘शंभर मिलीचा, जरा जाड काठाचा, आतून रंग नको आणि दोनदा चाळलेली माती’ एवढं सांगा.

पहिल्या चहाआधी

इथे एक निवड करावी लागते. कुल्हड एकदाच वापरायचा असेल, म्हणजे घरी कार्य आहे आणि पन्नास माणसांना चहा द्यायचाय, तर भिजवत बसू नका. कोरड्या ब्रशने आतली धूळ काढा, उकळत्या पाण्याने नव्हे तर साध्या पाण्याने पटकन विसळा आणि उन्हात दोन-तीन तास उलटे ठेवा. वास पुरेपूर मिळतो. कोरड्या भाजल्या मातीला पहिल्यांदा ओल लागते तेव्हाच तो वास सर्वांत जास्त सुटतो. कनौजमध्ये भाजलेल्या मातीपासून अत्तर काढतात, ते याच वासाचं.

पुन्हा पुन्हा वापरायचे असतील तर मात्र वासाचा थोडा लोभ सोडा आणि पुढचं सगळं करा.

कोरडा कुल्हड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून वजन लिहून घ्या. मग थंड पाण्यात पूर्ण बुडवून रात्रभर ठेवा. पाण्यात टाकल्याबरोबर अंगभर बारीक बुडबुडे सुटतात आणि कान जवळ नेला तर सुर्र असा आवाज येतो, ती छिद्रांतली हवा बाहेर पडतेय. सकाळी काढा, फडक्याने वरचं पाणी टिपा आणि पुन्हा वजन करा. शंभर ग्रॅमचा कुल्हड एकशे दहा ते एकशे पंधराच्या आसपास भरला तर ठीक. एकशे वीसच्या पुढे गेला तर भाजणी कच्ची आहे, तो एकदाच वापरायच्या रांगेत टाका. याच हिशेबाने दुसरी एक गोष्टही कळते: कोरडा कुल्हड तुमच्या चहातला एखादा घोट स्वतःच पिऊन टाकतो.

भिजवलेलं पाणी बघा. किंचित गढूळ असेल तर हरकत नाही. तळाला गाळ बसला असेल, किंवा भिजलेल्या काठावरून नख फिरवल्यावर माती निघाली, तर तो कुल्हड प्यायला नकोच.

पास झालेले कुल्हड काथ्याने किंवा नारळाच्या शेंडीने आतून-बाहेरून चोळा. मग पातेल्याच्या तळाशी जुनं सुती फडकं घाला, वर कुल्हड ठेवा, ते बुडतील इतकं थंड पाणी ओता आणि मंद आचेवर उकळी आणा. दहा मिनिटं उकळू द्या, गॅस बंद करा आणि पाणी कोमट होईपर्यंत कुल्हड त्यातच राहू द्या. उकळत्या पाण्यात थंड कुल्हड टाकायचा नाही आणि गरम कुल्हड काढून नळाखाली धरायचा नाही. भाजलेली माती एकाच वेळी आतून गरम आणि बाहेरून थंड झाली की ताण सहन करत नाही. बहुतेक कुल्हड पडून फुटत नाहीत, अशा धसक्याने चिरतात.

शेवटी ऊन. एक पूर्ण दिवस कडक उन्हात. वाळला की नाही हे रंगावरून कळतं: ओली माती गडद दिसते आणि बूड सगळ्यात शेवटी फिकं होतं. शंका असेल तर पुन्हा वजन करा, पहिल्या आकड्यावर आलं पाहिजे.

आणि या सगळ्यात तेल लावणं, भाताची पेज उकळणं असं काही करू नका. स्वयंपाकाच्या मडक्याला पेजेने छिद्रं बुजवायची जुनी रीत आहे, ती तिथे चालते कारण ते भांडं रोज चुलीवर चढतं. कुल्हडाला तशी आच मिळत नाही. तेल खवट होतं, पेजेवर बुरशी धरते.

चहा करताना आणि ओतताना

मातीत चहा लवकर निवतो असं लोक म्हणतात, पण खरं म्हणजे जाड, थंड भिंत पहिल्या मिनिटातच बरीच उष्णता ओढून घेते. त्यावर उपाय म्हणजे ओतण्याआधी कुल्हड कोरडेच गरम करणं. शेगडीशेजारी ठेवा, किंवा गॅस बंद केलेल्या कोमट तव्यावर जाळी ठेवून त्यावर पाच मिनिटं. गरम पाण्याने विसळूनही कुल्हड गरम होतो, पण मग छिद्रं पाण्याने भरतात आणि वास जातो. मात्र त्याचा उलटा फायदाही आहे: भरलेल्या छिद्रांत दूध कमी शिरतं. रोजच्या वापराला मी म्हणेन गरम पाण्याने विसळा, पाहुण्यांना कोरडा द्या.

चहा नेहमीपेक्षा थोडा कडक आणि दाट हवा. चार छोट्या कुल्हडांसाठी साधारण तीनशे मिली पाणी, दोनशे मिली दूध, घरच्या सवयीपेक्षा अर्धा चमचा जास्त पावडर. आलं पाण्यातच आधी उकळून घ्या. कच्चं आलं दुधात घातलं तर त्यातल्या एन्झाइममुळे दूध फाटू शकतं. फाटलेल्या दुधाचे कण छिद्रांत बसले की ते काढता काढता पुरेवाट होते. गवती चहा, वेलची काहीही चालेल.

ओतताना पहिला घोटभर चहा टाकून दोन सेकंद थांबा, मग उरलेला ओता. काठोकाठ भरू नका, कानाविना कुल्हड वरच्या बोटभर रिकाम्या जागेला धरूनच प्यायचा असतो. बाहेरून दमट लागणं, टेबलावर गोल डाग पडणं हे पाझरणाऱ्या भांड्याचं लक्षण, दोष नाही. खाली बशी ठेवा, लाकडी टेबल असेल तर नक्कीच. पण चहा थेंबाथेंबाने गळायला लागला तर ती चीर आहे.

कुल्हडात चहा तासभर ठेवून ‘नंतर पितो’ हे करू नका, आणि तोच कुल्हड मायक्रोवेव्हमध्ये गरम करायला तर मुळीच ठेवू नका. छिद्रांत मुरलेलं पाणी तापतं, भांडं चहापेक्षा गरम होतं आणि चिरू शकतं. गॅसवर थेट नाही, इंडक्शनवर तर तापणारच नाही. फ्रीजरमध्ये ओला कुल्हड ठेवला तर आतलं पाणी गोठून फुगतं आणि काठाचे पापुद्रे सुटतात. कुल्फी लावायची असेल तर पूर्ण वाळलेला कुल्हड घ्या.

धुणं

इथे आळस चालत नाही. चहा संपला की कुल्हड सिंकमध्ये इतर भांड्यांच्या ढिगात जाता कामा नये. दूध मातीत सुकायच्या आत ते निघालं पाहिजे.

कुल्हड अजून कोमट असतानाच कोमट पाण्याने भरा, दोन मिनिटं ठेवा, ओता. हे दोनदा. मग काथ्याने आतून चोळा, कंजूषपणा न करता काठाच्या आतल्या बाजूलाही, कारण साय तिथे चिकटते. स्टीलची घासणी नको, ती मातीचा वरचा थर खरवडते आणि नवी छिद्रं उघडते. पुन्हा विसळा. एवढंच. रोजच्या धुण्यात याहून जास्त काही लागत नाही, फक्त ते लगेच व्हावं लागतं.

चार-पाच वापरांनंतर नाक लावून बघा. किंचित दुधाळ वास असेल तर अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा खायचा सोडा घालून कुल्हड त्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा, काथ्याने चोळा. नंतर साध्या पाण्यात तासभर ठेवून ते पाणी एकदा बदला. हा शेवटचा टप्पा लोक गाळतात आणि मग अंगावर पांढरी पूड येते, तो छिद्रांत राहिलेला सोडा असतो. यानंतर वर सांगितलं तसं थंड पाण्यापासून सुरू करून दहा मिनिटं उकळा आणि उन्हात टाका.

एवढं करूनही आंबूस वास राहिला तर त्या कुल्हडाची चहाची नोकरी संपली. ओढाताण करू नका. लिंबू, व्हिनेगर, अगरबत्तीचा धूर असले उपाय वास झाकतात, आतलं नासलेलं दूध तिथेच राहतं. दुधाच्या चहाला बिनग्लेझचा कुल्हड किती वेळा वापरायचा याला ठरलेला आकडा नाही, नाक हाच निकष. लहान मुलं, गरोदर बाई, आजारातून उठलेली माणसं यांना मात्र दर वेळी नवा कुल्हड द्या किंवा ग्लेझचा कप द्या. कोरा चहा पिणाऱ्यांचं बरं आहे. दूध नसल्यामुळे त्यांचा कुल्हड कितीतरी जास्त टिकतो, फक्त आतून काळपट होतो, आणि तो काळेपणा वाईट नाही. घरात कोण कोरा पितं आणि कोण दुधाचा, त्याप्रमाणे कुल्हड वेगळे ठेवा. बुडावर पेन्सिलीने खूण केली की पुरे.

भांडी घासायला येणाऱ्या ताईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर कुल्हड इमानेइतबारे साबणाने लख्ख होऊन येतो. तसं झालं तर घाबरायचं कारण नाही. साध्या पाण्यात दिवसभर बुडवा, तीन-चार वेळा पाणी बदला, दोनदा उकळा. मग कुल्हडात गरम पाणी भरून चमच्याने जोरात ढवळा. फेस दिसला तर अजून साबण आहे, पुन्हा भिजवा.

वाळवणं, आणि पावसाळा

धुतलेला कुल्हड सपाट ओट्यावर पालथा घालू नका, आतली हवा कोंडते. जाळीच्या स्टँडवर किंवा दोन चमच्यांवर आडवा टेकवून ठेवा, वारा आतून फिरला पाहिजे. एकात एक तर कधीच घालायचे नाहीत. ओले असतील तर बुरशी, कोरडे असतील तर बाहेरचा आतल्याला धरून बसतो आणि ओढताना काठ तुटतो. ठेवायची जागा उघडी फळी किंवा बांबूची टोपली. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा नको.

मुंबईत, कोकणात आणि गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवाच इतकी दमट असते की कुल्हड वाळत नाही. माझं मत विचाराल तर हे चार महिने त्यांना सुट्टी द्या. मे महिन्यात कडक ऊन देऊन, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून, वरच्या कपाटात ठेवून द्या. पावसात चहा कुल्हडातूनच प्यायचा असा हट्ट असेल तर धुतल्यावर ओव्हनमध्ये वाळवा: थंड ओव्हनमध्ये ठेवून मग शंभर अंशांवर चालू करा, अर्धा-पाऊण तास, आणि बंद केल्यावर आतच निवू द्या.

साठवलेल्या कुल्हडावर पांढरं काही दिसलं की लोक बुरशी समजून टाकून देतात. निम्म्या वेळा ते क्षार असतात. मातीतले आणि पाण्यातले विरघळणारे क्षार पाणी उडून जाताना पृष्ठभागावर येऊन बसतात, बोअरच्या पाण्याच्या गावी तर जास्तच. क्षार कोरडे, पिठूळ, चमचमते असतात आणि पाणी लावलं की नाहीसे होतात, वाळल्यावर पुन्हा थोडे दिसतात. त्यांनी काही बिघडत नाही, गोड्या पाण्यात एक-दोन दिवस भिजवले की कमी होतात. बुरशी मात्र लव असल्यासारखी, करडी-हिरवट, आणि तिला कुबट वास येतो. बाहेरून थोडी बुरशी असेल तर सोडा, उकळणं आणि कडक ऊन एकदा करून बघता येईल. आतून धरली असेल तर तो कुल्हड बाद.

तंदूर चहा घरी करायचा का?

२०१८ च्या सुमारास पुण्यात हा प्रकार गाजला आणि तिथून सगळीकडे पोचला: तंदूरमध्ये लाल होईपर्यंत तापवलेला कुल्हड पितळी भांड्यात ठेवायचा, त्यावर अर्धा झालेला चहा ओतायचा, चहा फसफसून वर येतो आणि धुरकट चव घेतो. घरी पापडाच्या जाळीवर गॅसच्या आचेने हे जमतं, पण चार गोष्टी पाळा. कुल्हड नवा आणि पूर्ण कोरडा हवा, ओला असेल तर आतल्या वाफेने तडकतो. आच आधी मंद, मग मोठी, कुल्हड सांडशीने फिरवत दहा-बारा मिनिटं. तो उंच स्टीलच्या पातेल्यात ठेवूनच चहा ओता आणि तोंड वर नेऊन बघू नका, उकळता चहा उसळतो. आणि प्यायला तो कुल्हड नाही, दुसरा थंड कुल्हड घ्या. तापवून चहात बुडवलेल्या कुल्हडाला आतून बारीक चिरा गेलेल्या असतात, तो पुन्हा वापरायचा नसतो. एका चहासाठी दोन कुल्हड खर्ची पडतात, तेव्हा महिन्यातून एखाद्या रविवारी ठीक.

बाद झालेले कुल्हड

काठाचा कपचा उडाला, आवाज बद्द झाला किंवा वास जाईना, की चहातून निवृत्ती. फेव्हिक्विक किंवा अॅरल्डाइटने जोडलेल्या कुल्हडातून गरम काही पिऊ नका.

दही लावण्यासाठी मात्र नवाच कुल्हड घ्या, चहाचा जुना नको. माती दह्याचं पाणी ओढून घेते, दही घट्ट लागतं, बंगालातलं मिष्टी दोई मातीच्या भांड्यात लावतात ते त्यासाठीच. बाद कुल्हड रोपांना उत्तम. भिजवून ओला असतानाच बुडाला मंद गतीने ड्रिल केलं तर भोक सरळ पडतं, खिळा ठोकला तर दोन तुकडे होतात. तुळस, मिरची, टोमॅटोची रोपं दोन-चार पानं येईपर्यंत यात छान राहतात, फक्त पाणी रोज लागतं, कारण भिंतींतूनही उडतं. पूर्ण फुटलेले तुकडे कुंडीच्या तळाशी भोकावर खापरी म्हणून ठेवा.

कुल्हड मातीत मिसळून जातो, निसर्गाला परत मिळतो, अशी जाहिरात बरीच होते. प्लॅस्टिक नाही हे खरं, पण भाजलेली माती पुन्हा शेतातली माती होत नाही. तसं असतं तर जोर्व्याची खापरं आज सापडलीच नसती. शिवाय प्रत्येक कुल्हडामागे सुपीक गाळाची माती आणि भट्टीचं जळण गेलेलं असतं. त्यामुळे फुटका कुल्हड ओल्या कचऱ्यात किंवा कंपोस्टच्या पिंपात टाकू नका, तिथे तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. कुंडीत जागा नसेल तर तुकडे कागदात गुंडाळून, वर ‘फुटकी भांडी’ असं लिहून कोरड्या कचऱ्यासोबत वेगळे द्या, म्हणजे कचरा उचलणाऱ्याचा हात कापणार नाही.